पुण्याहून जर्मनीला सहकुटुंब स्थलांतर : कोणते काम आधी, कोणते नंतर

पुण्यातून नोकरीसाठी जर्मनीला सहकुटुंब जाणाऱ्यांची दमछाक माहिती कमी पडल्यामुळे क्वचितच होते. बहुतेक वेळा ती कामांचा क्रम चुकल्यामुळे होते. जर्मनीत प्रत्येक सरकारी काम आधीच्या कुठल्यातरी कागदावर अवलंबून असते. घरमालकाचे पत्र नसेल तर पत्त्याची नोंदणी होत नाही, नोंदणी नसेल तर कर क्रमांक येत नाही, आणि कर क्रमांक नसेल तर पहिल्या पगारातून चढ्या दराने कर कापला जातो. दुसरीकडे, पुण्यात स्वतः हजर राहून एका दिवसात उरकणारी कामे परदेशी पोहोचल्यावर दूतावासाची वेळ, टपाल आणि मुद्रांक यांत महिनोन्‌महिने अडकून पडतात.

जर्मन कंपनीशी थेट करार करून किंवा पुण्यातील कंपनीकडून डेप्युटेशनवर, जोडीदार आणि मुलांसह जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. विद्यार्थ्यांचे प्रवेश आणि त्यांच्या पैशांची तरतूद हा स्वतंत्र विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही. नियम आणि रकमा वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी संबंधित कार्यालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्यांची खात्री करून घ्यावी.

टप्पा १ : पासपोर्टवरील नाव (निघण्याच्या सहा महिने आधी)

पहिले काम नावाचे आहे, आणि नेमके तेच सर्वांत शेवटी लक्षात येते. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव येते. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि नावाच्या रकान्यात स्वतःचे व वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र बसते. जर्मनीतील लिपिक पासपोर्ट समोर ठेवून टंकलेखन करतो आणि नावाच्या रकान्यातील सगळे शब्द तो त्या व्यक्तीचीच नावे समजतो. त्यामुळे ‘सायली विनायक’ असे नाव असलेल्या बाईंच्या आरोग्य विम्याच्या कार्डावर, बँकेच्या पत्रांवर आणि निवास परवान्यावर सायली आणि विनायक ही दोन्ही त्यांचीच नावे म्हणून छापली जातात. यावर तेथे वाद घालून उपयोग होत नाही. पासपोर्टवर जसे नाव आहे, अगदी तसेच नोकरीच्या करारात, विमान तिकिटावर, भाडेकरारात आणि बँकेत लिहावे, म्हणजे पुढे दोन कागदांवर दोन माणसे दिसत नाहीत.

लग्नानंतर पासपोर्टवर माहेरचे आडनाव कायम असेल, तर केवळ जर्मनीसाठी ते बदलण्याची गरज नाही. पती-पत्नींची आडनावे वेगळी असणे तेथे सर्रास चालते. नात्याचा पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र पुरेसे असते. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर मात्र पासपोर्ट पुन्हा काढून घ्यावा, कारण आडनावाशिवाय तेथील अर्ज अडण्याची शक्यता असते.

पासपोर्टची मुदतही याच वेळी पाहावी. निवास परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही. पासपोर्ट वर्ष-दीड वर्षात संपणार असेल, तर चार वर्षांचा करार हातात असूनही परवाना आखूड मिळतो आणि साऱ्या फेऱ्या पुन्हा कराव्या लागतात. दोन वर्षांपेक्षा कमी मुदत उरली असेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून नूतनीकरण आधी करून घ्यावे आणि व्हिसाचा अर्ज नव्या पासपोर्टवरच भरावा.

*पडताळणी :* घरातील प्रत्येकाचा पासपोर्ट, पदवी, विवाह प्रमाणपत्र आणि जन्मदाखला शेजारी ठेवून नावाचे अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावे. मुलांच्या पासपोर्टवरील आई-वडिलांची नावेही तपासावीत.

टप्पा २ : पदवी, विवाह आणि जन्माचे दाखले

पदवीची मान्यता ‘अनाबिन’ या जर्मन माहितीकोशात पाहता येते. तेथे दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात : संस्थेला ‘एच प्लस’ म्हणजे मान्यताप्राप्त असा दर्जा आहे का, आणि आपली नेमकी पदवी यादीत आहे का. पुष्कळ जण पहिली गोष्ट पाहून थांबतात. शिवाय शोध महाविद्यालयाच्या नावाने घेतला जातो, जेव्हा पदवी विद्यापीठाने दिलेली असते. प्रमाणपत्रावर ज्या संस्थेचा शिक्का आहे, तिच्याच नावाने शोधावे. पदवी यादीत सापडली नाही तर ‘झेड ए बी’ या मध्यवर्ती संस्थेकडून तुलना प्रमाणपत्र मागवावे लागते. त्यात वेळ जातो, म्हणून ही तपासणी नोकरीचा करार हातात येण्याआधीच करावी.

विवाह प्रमाणपत्र म्हणजे विवाह निबंधकाकडील नोंदणीचे प्रमाणपत्र. मंगल कार्यालयाची पावती, गुरुजींनी दिलेले पत्र किंवा लग्नपत्रिका यांना व्हिसासाठी स्वतंत्र किंमत नाही. लग्न होऊन दहा वर्षे झाली तरी नोंदणी राहून गेलेली अनेक जोडपी पुण्यात आहेत. त्यांनी महापालिकेच्या संबंधित क्षेत्रीय कार्यालयातून ती आधी करून घ्यावी.

जन्मदाखले केवळ मुलांचे नव्हे, तर पती-पत्नी दोघांचेही घ्यावेत. जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना अनेकदा कोरा असतो, कारण नोंद रुग्णालयातून बारशाच्या आधीच झालेली असते. असा दाखला काही सिद्ध करीत नाही. ज्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आहे, तेथून नाव समाविष्ट करून इंग्रजी मजकूर असलेली नवी प्रत घ्यावी. जर्मनीत मूल झाले किंवा बाळाच्या नावाचा प्रश्न निघाला, तर तेथील निबंधक कार्यालय आई-वडिलांचे जन्मदाखले मागते, आणि त्या वेळी पुण्यात धावपळ करायला कोणी मोकळे नसते.

*इशारा :* ‘जर्मनीसाठी अपॉस्टिल (परदेशात चालणारे सरकारी साक्षांकन) करून देतो’ असे सांगणाऱ्या एजंटाला पैसे देण्यापूर्वी थांबावे. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे, परंतु जर्मनीने भारताच्या सहभागावर आक्षेप नोंदवलेला असल्यामुळे दोन देशांमध्ये तो लागू होत नाही. जर्मन कार्यालयाला दाखल्याच्या सत्यतेची खात्री हवी असेल, तर ते आपल्या भारतातील दूतावासामार्फत वेगळी पडताळणी करवून घेते. कोणता कागद कोणत्या स्वरूपात हवा, हे तो मागणाऱ्या कार्यालयालाच लेखी विचारावे.

मुलांच्या लसीकरणाचे कार्डही याच फायलीत ठेवावे. मार्च २०२० पासून जर्मनीत पाळणाघरात किंवा शाळेत प्रवेश घेणाऱ्या मुलाला गोवर प्रतिबंधक लसीचा पुरावा द्यावा लागतो, आणि एक वर्षापुढील मुलांसाठी किमान एक, तर दोन वर्षांपुढील मुलांसाठी साधारणपणे दोन मात्रा पूर्ण असाव्या लागतात. आपल्या कार्डावर कधी कधी फक्त लसीचे व्यापारी नाव असते; कोणत्या आजारावरची लस कोणत्या तारखेला दिली, हे बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत शिक्क्यासह लिहून घ्यावे.

टप्पा ३ : व्हिसा

नोकरीसाठी लागतो तो राष्ट्रीय म्हणजे ‘डी’ प्रकारचा व्हिसा. महाराष्ट्रातील अर्जांचा निर्णय मुंबईतील जर्मन महावाणिज्य दूतावास घेतो. शक्य असेल तर सर्व कुटुंबाचा अर्ज एकाच वेळी करावा. ‘मी पुढे जातो, घर बघतो, मग तुम्ही या’ ही पद्धत ऐकायला सोयीची वाटते, परंतु नंतरचा अर्ज स्वतंत्र धरला जाऊन त्याची प्रतीक्षाही स्वतंत्रपणे सुरू होते. एकाने आधी जायचे ठरले तरी अर्ज एकत्र करून प्रवासाच्या तारखा वेगळ्या ठेवता येतात.

ब्लू कार्डासाठी (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यासाठी) पात्र असलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही. ही सवलत अर्जापुरती आहे, राहण्यापुरती नाही. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

डेप्युटेशनवर जाणाऱ्यांनी आणखी एक कागद विसरू नये. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचे ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ सोबत असेल, तर ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शन योजनेत वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. हे प्रमाणपत्र कंपनीने काढायचे असते, परंतु पाठपुरावा आपणच करावा.

*इशारा :* व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नये, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला काढू नये आणि घर रिकामे करण्याची तारीख कोणाला देऊ नये.

*पडताळणी :* पासपोर्ट परत मिळताच स्टिकरवरील नाव, जन्मतारीख, वैधतेच्या दोन्ही तारखा आणि नोकरीविषयीचा शेरा त्याच दिवशी वाचावा. चूक असेल तर ती निघण्यापूर्वीच दुरुस्त होऊ शकते.

टप्पा ४ : पुण्यातील व्यवहार मार्गी लावणे

या टप्प्याला लोक सर्वांत कमी वेळ देतात, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यायला हवा तो येथेच.

*निघण्याची तारीख.* भारतीय नागरिक परदेशी नोकरीसाठी जात असेल आणि त्या आर्थिक वर्षात त्याचा भारतातील मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी भरत असेल, तर त्या वर्षासाठी तो प्राप्तिकराच्या दृष्टीने अनिवासी ठरतो आणि त्याच्या जर्मनीतील पगारावर भारतात कर लागत नाही. सप्टेंबर संपत आला की हे दिवस भरत येतात. जो डिसेंबरात निघतो, त्याला मार्चपर्यंतचा जर्मन पगारही भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागतो आणि तिकडे भरलेल्या कराची वजावट मागावी लागते. तारीख आपल्या हातात असेल तर आधी दिवस मोजावेत, मगच कंपनीला रुजू होण्याची तारीख कळवावी. उन्हाळ्यात पोहोचण्याचा दुसरा लाभ आठव्या टप्प्यात येईल.

*मुखत्यारपत्र.* पुण्यात स्वतःचा फ्लॅट असेल तर निघण्यापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयात विशेष मुखत्यारपत्र नोंदवावे. भाडेकरार करणे, सोसायटीत हजर राहणे, महावितरण आणि मिळकतकर यांची कामे पाहणे, अशी नेमकी कामे त्यात नावानिशी लिहावीत. जर्मनीत गेल्यावर हेच करायचे ठरले, तर भारतीय वाणिज्य दूतावासाची वेळ घेऊन अधिकाऱ्यासमोर सही करावी लागते, कागद पुण्याला पाठवावा लागतो आणि तो भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. विक्रीच्या अधिकारासह सरसकट कुलमुखत्यारपत्र देण्याची घाई मात्र कोणाच्याही आग्रहाने करू नये.

*भाडेकरार.* महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करण्याची जबाबदारी मालकावर असते. ऑनलाइन नोंदणीत आधारशी जोडलेला अंगठ्याचा ठसा लागतो. मालक म्युनिकमध्ये आणि अंगठा पुण्यात, हे शक्य नसल्यामुळे अकरा महिन्यांनी नूतनीकरणाची वेळ आली की सगळे अडते. वरचे मुखत्यारपत्र यासाठीच हवे. भाडेकरूला हेही आधीच सांगावे, की मालक अनिवासी असल्यामुळे भाड्यातून सामान्यतः ३१.२ टक्के उद्‌गम कर (टीडीएस) कापून तो भरण्याची जबाबदारी भाडेकरूची असते. घर भाड्याने दिल्यावर महापालिकेच्या मिळकतकरात स्वतःच्या वापरासाठी मिळणारी ४० टक्के सवलत राहत नाही, हेही हिशेबात धरावे.

*बँक.* परदेशी नोकरीसाठी देश सोडल्यावर साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमबाह्य आहे. ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते; जर्मनीतील कमाई भारतात पाठवण्यासाठी वेगळे एनआरई खाते उघडावे. भाडे, लाभांश, जुन्या ठेवी हे एनआरओत, आणि परदेशी पगार एनआरईत, एवढी विभागणी पक्की ठेवली तर पुढे पैसे परत नेताना कटकट होत नाही. पीपीएफ खाते मुदतपूर्तीपर्यंत चालू ठेवता येते, नवे उघडता येत नाही. डीमॅट आणि म्युच्युअल फंडांतही आपला बदललेला दर्जा कळवावा.

*मोबाइल.* बँकेचा ओटीपी ज्या क्रमांकावर येतो, त्यावरील आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच सुरू करून घ्यावे. विमान उतरल्यावर ते सुरू करायला गेले, की त्यासाठीच ओटीपी लागतो आणि तो येत नाही. तो क्रमांक बंद पडू नये म्हणून किमान रिचार्जची आठवण फोनमध्ये लावून ठेवावी.

*आई-वडील.* त्यांच्या आजारांची फाईल, औषधांची यादी, विम्याची पॉलिसी आणि ती कोणत्या रुग्णालयांत चालते, हे सारे एका जागी ठेवून त्याची छायाचित्रे दोन्ही भावंडांकडे किंवा जवळच्या नातेवाइकांकडे द्यावीत. रात्री अपरात्री दार उघडून आत जाऊ शकेल असा इमारतीतील एक माणूस आधी ठरवावा, त्याच्याकडे किल्ली द्यावी आणि त्याला तसे स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘काही लागलं तर बघा हं’ एवढ्यावर हे सोडू नये.

टप्पा ५ : सामान

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे. साजूक तूप, पेढे, आंबा बर्फी आणि श्रीखंडाच्या वड्या याच नियमात येतात आणि जप्त होऊ शकतात. कढीपत्ता, ओली हळद आणि आंबे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, डाळी आणि कोरड्या चटण्या चालतात. औषधे तीन महिन्यांच्या स्वतःच्या गरजेपुरती, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत.

कुकर नेण्यापूर्वी त्याचा तळ पाहावा. जर्मनीत गॅसच्या शेगड्या कमी आणि विजेच्या अधिक. त्यांत इंडक्शन असेल तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. तळाला चुंबक चिकटतो का, हे पाहूनच तो बॅगेत भरावा. मिक्सर चालतो, कारण विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्टचा आहे; फक्त प्लगसाठी अडॅप्टर लागतो. १०,००० युरो किंवा त्याहून अधिक रोख जवळ असेल तर ती सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे जाहीर करावी लागते.

मूळ कागदपत्रे हातातल्या बॅगेत ठेवावीत, चेक-इनच्या बॅगेत ठेवू नयेत.

टप्पा ६ : पहिले घर आणि पहिले चौदा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि पुढची सगळी साखळी तिच्यापासून सुरू होते. नोंदणीसाठी केवळ भाडेकरार पुरत नाही. घरमालकाने सही केलेले स्वतंत्र पुष्टीपत्र लागते. सुरुवातीचे एक-दोन महिने तात्पुरत्या सुसज्ज घरात काढायचे असतील, तर पैसे भरण्यापूर्वी मालकाला किंवा कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारावा : ‘नोंदणीसाठीचे पुष्टीपत्र आपण द्याल का?’ हॉटेल आणि अल्पमुदतीची घरे पुष्कळदा नकार देतात. महिन्याला शंभर युरो अधिक पडले तरी पत्र देणारे घर घ्यावे, असे मी ठामपणे सांगेन.

नोंदणीची वेळ पुण्यातूनच ऑनलाइन घेऊन ठेवावी. मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही. वेळ मुदतीनंतरची मिळाली, तर आपण मुदतीत प्रयत्न केल्याची ईमेल जपून ठेवावी. अर्जात धर विचारतात : जे चर्चचे सदस्य म्हणून नोंद होतात त्यांच्या पगारातून चर्च कर कापला जातो, हे ध्यानात ठेवूनच तो रकाना खरेपणाने भरावा.

नोंदणीइतकेच महत्त्वाचे आहे टपालपेटीवरचे नाव. जर्मनीत इमारतीला फ्लॅट क्रमांक बहुधा नसतात. पोस्टमन पेटीवरील आडनाव पाहून पत्र टाकतो आणि आडनाव नसेल तर ते परत पाठवतो. पती-पत्नींची आडनावे वेगळी असतील तर दोन्ही लिहावीत. कर क्रमांकाचे पत्र कुटुंबातील प्रत्येकाला, अगदी तान्ह्या बाळालाही, वेगळे येते. पेटीवर फक्त नवऱ्याचे आडनाव असल्यामुळे बायकोचे पत्र परत जाणे आणि मग आठवडेच्या आठवडे त्याचा माग काढणे, हा आपल्याकडच्या कुटुंबांचा ठरलेला घोळ आहे. घराची किल्ली मिळाली त्याच दिवशी, निदान कागदाच्या पट्टीवर तरी, नाव चिकटवावे.

कायमचे घर शोधताना भाड्याचे दोन आकडे वेगळे ओळखावेत. ‘काल्टमीटे’ हे निव्वळ भाडे. त्यात पाणी, सामायिक खर्च आणि बहुधा उष्णतेचा खर्च मिळवून ‘वार्ममीटे’ होते, आणि घरातील विजेचे बिल त्याहून वेगळे असते. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही आणि ती तीन समान हप्त्यांत देण्याचा अधिकार भाडेकरूला आहे. अनेक घरांत स्वयंपाकघराच्या जागी फक्त नळाची जोडणी आणि विजेचे टोक असते. ओटा, शेगडी, कपाटे सारे स्वतः आणावे लागते. जाहिरातीत स्वयंपाकघर धरलेले आहे का, हे विचारल्याशिवाय भाड्याची तुलना करू नये.

*इशारा :* घर न दाखवता पैसे मागणारा, ‘मी सध्या परदेशी आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असे सांगणारा माणूस फसवणारा समजावा, मग छायाचित्रे कितीही सुंदर असोत.

राहू लागल्यावर हवा खेळती ठेवण्याकडे लक्ष द्यावे. बंद, उबदार घरात रोजचा कुकर, वरण-भात आणि आत वाळत घातलेले कपडे यांची वाफ भिंतींवर बसते आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. मालक ती दुरुस्ती अनामतीतून वळती करू पाहतो. दिवसातून दोन-तीन वेळा पाच ते दहा मिनिटे खिडक्या पूर्ण उघडाव्यात, थंडीतही. घर ताब्यात घेताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून ताबापत्रावर डागांची नोंद करून घ्यावी.

टप्पा ७ : कर, विमा आणि निवास परवाना

नोंदणीनंतर काही आठवड्यांत कर क्रमांक टपालाने येतो. तो कंपनीला मिळाला नाही तर पगारावर सहाव्या कर वर्गाने, म्हणजे सर्वांत चढ्या दराने, कपात होऊ शकते. जादा कापलेली रक्कम पुढे परत मिळते, परंतु अनामत, फर्निचर आणि हिवाळी कपडे एकाच महिन्यात घेताना ती हाताशी नसते.

आरोग्य विमा सरकारी पद्धतीचा घ्यावा की खाजगी, हा प्रश्न ठराविक मर्यादेपेक्षा अधिक पगार असणाऱ्यांसमोरच येतो. तरुण वयात खाजगी हप्ता कमी दिसतो आणि मोह होतो. सरकारी योजनेत मात्र न कमावणारा जोडीदार आणि मुले वेगळ्या हप्त्याशिवाय सामावतात. खाजगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. खाजगीतून परत येणे अवघड असते आणि ५५ वर्षांनंतर जवळजवळ अशक्य. एका पगारावर चालणाऱ्या कुटुंबाने सरकारी योजनाच घ्यावी. विमा बहुधा रुजू झाल्या दिवसापासून लागू होतो, म्हणून विमान उतरल्यापासून त्या दिवसापर्यंतचा प्रवास विमा वेगळा काढावा.

निवास परवान्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ पत्त्याची नोंदणी झाली की लगेच मागावी. व्हिसा संपण्यापूर्वी अर्ज केलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत राहण्याचा हक्क टिकतो. एक दिवस जरी उशीर झाला तरी प्रश्न उभा राहतो.

मुलांसाठी मिळणारा ‘किंडरगेल्ड’ भत्ता आपोआप सुरू होत नाही. अर्ज करावा लागतो आणि मागील फक्त सहा महिन्यांचीच रक्कम मिळते. प्रसारण शुल्काचे पत्र आले की ते फसवे समजून फेकू नये. दरमहा १८.३६ युरोचे हे शुल्क प्रत्येक घरामागे एकदाच असते, टीव्ही असो वा नसो.

*पडताळणी :* आलेले प्रत्येक पत्र त्याच दिवशी उघडावे, त्यातील शेवटची तारीख वरच्या कोपऱ्यात लिहावी आणि ते फाईलला लावावे. जर्मन कार्यालये फोन करून आठवण देत नाहीत.

टप्पा ८ : रुळणे

येथे सर्वाधिक काळजी करावी ती जोडीदाराची. नोकरी करणाऱ्याला कार्यालय, इंग्रजी बोलणारे सहकारी आणि दिवसाची घडी आयती मिळते. पुण्यात दहा वर्षे नोकरी केलेली बाई मात्र येथे येऊन बेकरीत दोन ब्रेड मागताना अडखळते, आणि घरातल्या प्रत्येक कामासाठी नवऱ्याच्या सुट्टीची वाट पाहते. म्हणून व्हिसासाठी अट नसली तरी जर्मन आधी जोडीदाराने शिकावे. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट असताना ‘तिकडे गेल्यावर शिकू’ म्हणणे म्हणजे हाताशी असलेली सोय दवडणे आहे. निदान ए२ पातळी (ए१, ए२, बी१ अशा चढत्या पायऱ्यांतली दुसरी) गाठून निघावे. तेथे पोहोचल्यावर लोकविद्यालयातील (प्रौढशिक्षण केंद्रातील) वर्ग किंवा सरकारी एकात्मीकरण वर्ग पहिल्याच महिन्यात सुरू करावा. मूल लहान असेल तर पाळणाघराच्या जागेसाठी नगरपालिकेकडे त्याआधीच नाव घालावे, कारण जागा मिळेपर्यंत वर्गाला जाता येत नाही.

मुलांशी घरात मराठीतच बोलावे. आपल्या मोडक्या जर्मनचा त्यांना उपयोग नाही. ती भाषा शाळा आणि मैदान शिकवते, आणि बहुधा आपल्याआधी. सुरुवातीचे काही महिने मूल शाळेत गप्प राहिले, तर ते बुद्धी कमी असल्याचे लक्षण समजू नये आणि शिक्षकांनाही तसे समजू देऊ नये.

डॉक्टरांच्या बाबतीत पुण्याची सवय सोडावी लागते. येथे संध्याकाळी थेट तज्ज्ञाच्या दवाखान्यात जाऊन बसता येत नाही. आधी घराजवळचा कौटुंबिक डॉक्टर गाठून त्याच्याकडे नाव नोंदवावे, आणि हे आजारी पडण्यापूर्वीच करावे. दवाखाने बंद असताना ११६११७ आणि जिवावरच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक फ्रिजवर लावावेत.

रविवारी दुकाने बंद असतात आणि रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते. मिक्सर, धुलाई यंत्र आणि भिंतीत खिळे ठोकणे यांच्या वेळा इमारतीच्या नियमावलीत वाचून घ्याव्यात. शेजाऱ्यांना पहिल्या आठवड्यात स्वतःहून भेटून नाव सांगावे. पुढे मुलांच्या धावण्याची तक्रार आधी आपल्या दारात येते, थेट मालकाकडे जात नाही.

भारतीय वाहन परवाना जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, म्हणून गाडीची गरज असेल तर पहिल्याच महिन्यांत ड्रायव्हिंग स्कूल गाठावे.

थंडीविषयी कपड्यांपेक्षा उजेडाचा विचार अधिक करावा. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, आणि नोव्हेंबरात पोहोचलेले कुटुंब शेजारी, बाग, मैदान यांतले काहीही न पाहता चार महिने घरात कोंडले जाते. एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान पोहोचलेल्यांची तोवर थोडीफार ओळखपाळख झालेली असते. कराच्या दृष्टीनेही हाच काळ सोयीचा आहे. मोठ्या शहरांत गणपती आणि दिवाळी साजरी करणारी मराठी मंडळे असतात. त्यांत जरूर जावे, परंतु आठवड्यातला एक तरी नेम जर्मन लोकांबरोबरचा ठेवावा, मग ते क्रीडामंडळ असो वा मुलांच्या शाळेतील पालकांचा गट.

पुण्याशी वेळेचे अंतर उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे असते. हिवाळ्यात आपण रात्री आठला जेवून मोकळे होतो तेव्हा पुण्यात साडेबारा वाजलेले असतात, आणि आई-वडील फोनसाठी जागत बसतात. शनिवार-रविवारी सकाळी दहाची, म्हणजे तिकडच्या दुपारी अडीचची, वेळ बांधून घ्यावी आणि ती मोडू नये.

टप्पा ९ : कायम निवासाची तयारी

ब्लू कार्डधारकाला जर्मन भाषेची बी१ पातळी असेल तर २१ महिन्यांनी आणि ए१ असेल तर २७ महिन्यांनी कायम निवासासाठी अर्ज करता येतो. पगारपत्रके, पेन्शन भरण्याचे वार्षिक विवरण, भाडेकरार आणि विम्याचे पत्र पहिल्या महिन्यापासून एकाच फाईलमध्ये लावत जावे. बी१ परीक्षेची तारीख अठराव्या महिन्याच्या आत घ्यावी, कारण निकाल आणि प्रमाणपत्र यायला आठवडे लागतात आणि एखादा भाग राहिला तर पुन्हा बसायला वेळ उरतो.